मेंदूच्या रक्ताची नवी वाट



खारदांड्यासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत 'अंगावरून वारे गेले' म्हटले, की घरचे प्रथम खर्चाचा हिशेब मांडतात. वारे नव्हे, बहुधा मेंदूकडे जाणारे रक्तच अडलेले असते. मग नवी वाट काढावी काय?

1967 साली झुरिच येथे डॉ. याशारगिल यांनी ती काढली. कवटीला भोक पाडून कानशिलावरची धमनी मेंदूच्या धमनीला जोडली. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने टाके! कारागिराने मान लववावी असे हे काम.

परंतु कौशल्य निराळे, उपयोग निराळा. 1985 साली 1,377 रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. औषधांपेक्षा शस्त्रक्रियेने पुढचे झटके अधिक टळले नाहीत. 2011 ची पाहणी तर लाभ दिसेना म्हणून मध्येच थांबवली. मोयामोया रोगात मेंदूच्या तळच्या धमन्या हळूहळू अरुंद होतात. त्यात व काही निवडक रोग्यांत ही शस्त्रक्रिया आजही करतात.

म्हणून दागिने गहाण टाकण्यापूर्वी विचारा, 'डॉक्टरसाहेब, आमच्या माणसाला याचा लाभ काय?' विचारणे हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे.

आणि खरी घाई निराळीच आहे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, की मालिश नको, उतारा नको. 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तदाब तपासा, तंबाखू सोडा. आम्ही कामगारांना नेहमी सांगतो : बोनससाठी भांडता, तसे कामाच्या जागी रक्तदाब तपासणीसाठीही भांडा.