टपालातील तण : जबाबदारी कोणाची?
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज आपल्यापैकी अनेक जण द्राक्ष-डाळिंबाच्या निर्यातीचा पत्रव्यवहार ई-मेलने करतात. त्या पेटीत नको असलेल्या पत्रांचा, म्हणजे स्पॅमचा, ढीग पडतो. त्यात खरेदीदाराचे खरे पत्र हरवते किंवा खोट्या पत्राला भुलून पैसे जातात.

हा उपद्रव जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थर्क यांनी संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. पाठवणाऱ्याला खर्च जवळजवळ नाही, भार घेणाऱ्यावर. म्हणूनच हे तण फोफावते.

पाटाच्या पाण्यातून तणाचे बी येत असेल तर प्रत्येकाने आपल्या वाफ्यात खुरपणी करावीच. पण पाटकऱ्याने वरच जाळी लावली तर सगळ्यांचे श्रम वाचतात. इंटरनेट सेवा देणारी कंपनी ही अशी पाटकरी आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅकोलो या कंपनीची जोडणी तिला सेवा देणाऱ्या कंपन्यांनी तोडली. स्पॅम सोडणाऱ्या बाधित संगणकांना हुकूम तेथून जात असत. जगातील स्पॅम लगेच निम्म्याहून अधिक घटले. पुढे काही महिन्यांत ते पुन्हा वाढले. एका खुरपणीने तण संपत नाही, हाही धडा त्यातून मिळतो.

सेवा देणाऱ्या कंपनीने पुढील कामे करावीत :

१. ग्राहकाचा संगणक बाधित होऊन स्पॅम सोडू लागल्यास त्यास कळवावे. घरगुती जोडणीवरून थेट पत्रे सोडण्याचा मार्ग, म्हणजे पोर्ट २५, बंद ठेवावा.

२. एसपीएफ, डीकिम व डीमार्क या पद्धतींनी पाठवणाऱ्याची ओळख तपासावी. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना हे बंधनकारक केले.

३. गाळणी फार बारीक केल्यास चांगले बीही अडकते. म्हणून संशयित पत्र नष्ट न करता वेगळ्या पेटीत ठेवावे.

आपणही ती वेगळी पेटी अधूनमधून पाहावी. नको असलेल्या पत्रावर स्पॅमची खूण करावी. बँक खाते बदलल्याचे पत्र आल्यास आधी ओळखीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० वर कळवावे. आणि जोडणी घेताना कंपनीला जरूर विचारावे : तुमच्या पाटाला जाळी आहे काय?