पोटरीत गोळा आला तर



मला सातवा महिना होता. आम्ही तेव्हा बंगळूरच्या मल्लेश्वरमला राहायचो. डिसेंबरातली थंडी, रात्रीचे तीन, आणि झोपेत आळस दिला तोच पोटरीत असा गोळा आला की तोंडून शब्द फुटेना. पोटरी दगडासारखी घट्ट. मी घाबरून पाऊल आणखी पुढे ताणत राहिले, आणि नेमकं तेच चुकत होतं.

खालच्या मजल्यावरच्या अज्जींनी सकाळी जमिनीवर बसून करून दाखवलं. गुडघा सरळ, टाच पुढे, बोटं आपल्याकडे. पोटामुळे हात पोचत नाही ना, मग उशाशी ओढणी ठेवायची. चवड्याला अडकवून दोन्ही टोकं सावकाश ओढायची. गोळा सुटला की भिंतीला धरून चार पावलं चालायचं. त्या रात्रीपासून ओढणी उशाशीच राहिली.

असे वांब शेवटच्या महिन्यांत पुष्कळ जणींना येतात. का येतात, हे अजून नक्की उलगडलेलं नाही. म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नका. 14व्या आठवड्यापासून सरकारी दवाखान्यात 500 मिलिग्रॅमच्या कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, दिवसाला दोन. त्या मुख्यतः गरोदरपणात वाढणाऱ्या रक्तदाबासाठी असतात. गोळे थांबले नाहीत तरी त्या सोडू नका, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. शिवाय आपण नाचणीच्या मुलखात राहतो. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मुद्दे, म्हणजे नाचणीचे शिजवलेले उंडे, घशाखाली उतरत नसतील तर आपली भाकरी आहेच.

मला जास्त काळजी वाटते ती कपड्यांच्या कारखान्यांत दिवसभर उभं राहणाऱ्या आणि सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत तासभर अडकणाऱ्या बायकांची. बाथरूमची सोय नाही म्हणून कित्येक जणी पाणीच पीत नाहीत. बायांनो, असं करू नका. पाणी प्या, आणि मधूनमधून बसायला मिळावं म्हणून हक्काने सांगा.

आता एक गोष्ट नीट ऐका. गोळा काही मिनिटांत सुटतो. पण एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला आणि दुखणं थांबेना, तर तो पाय चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. कन्नड येत नसेल तर एवढं पाठ करून ठेवा: ‘ओंदे कालु ऊदिकोंडिदे’. एकच पाय सुजलाय.