प्रौढ साक्षरता : घर आणि शाळा

प्रौढ माणसाला अक्षरओळख करून देणें तितकेंसें कठीण नाहीं. ती ओळख टिकविणें कठीण. वर्ग संपतो, पाटी माळ्यावर जाते, आणि वापरावांचून अक्षरें पुसट होत जातात. म्हणून प्रौढशिक्षणाचा खरा प्रश्न वर्गांतला नसून घरांतला आहे, असें माझें मत आहे.

१९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढें ती महाराष्ट्रभर पसरली. गांवची शाळा हा तिचा आधार. गुरुजींच्या जोडीला शिकलेल्या गांवकऱ्यांनींही शिकवावें, अशी योजना. सारा गांव साक्षर झाला, म्हणजे ग्रामगौरव समारंभ होत असे. साक्षरता ही एकट्यादुकट्याची परीक्षा न राहतां गांवाच्या अभिमानाची गोष्ट झाली, यांतच मोहिमेचें मर्म होतें.

दुसरें उदाहरण अलीकडचें. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत फांगणे हें लहानसें गांव आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानें ८ मार्च २०१६ रोजीं तेथें आजीबाईंची शाळा उघडली. साठी उलटलेल्या वृद्धा गुलाबी लुगडीं नेसून, खांद्याला दप्तर अडकवून शाळेंत येऊं लागल्या. शिकवावयास गांवचीच एक सून. तिची सासूही विद्यार्थिनींत बसे. घरीं अभ्यासाला मदत नातवंडांची. पोथी वाचतां यावी, आंगठ्याऐवजीं सही करतां यावी, एवढीच त्या आजींची हौस.

प्रौढ मनुष्य अज्ञानाला भीत नाहीं. तो चारचौघांत हंसें होण्याला भितो. ज्या घरांत चुकलें तरी कोणी हंसत नाहीं, तेथें साठाव्या वर्षींही हात वळतो. याचें फळ पुन्हा शाळेच्याच पदरीं पडतें. जी माता मुलाचें प्रगतिपुस्तक स्वतः वाचून त्यावर सही करते, तिला शाळा परकी वाटत नाहीं. गुरुजींना प्रश्न विचारावयास ती कचरत नाहीं.

२०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांतील सात वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ७६ साक्षर होत्या; म्हणजे दर चौघींत जवळजवळ एक निरक्षर. अशी एखादी आपल्याच घरीं धुणेंभांडीं करावयास येत असेल. तिला शिकवावयाचें, तर तिच्या विसाव्याचा वेळ घेऊं नये. कामाच्याच वेळेंतून अर्धा तास मोकळा करावा, आणि पगाराला हात लावूं नये. आरंभ तिच्या नांवापासून करावा. मग मुलांचीं नांवें, बसगाडीवरची पाटी, औषधाची चिठ्ठी. घोकंपट्टी मागाहून. तिचें मूल शाळेंत जात असेल, तर रोज त्याच्याकडून धडा वाचून घेण्यास तिला सांगावें. तो वाचील, ती अक्षरांवर बोट ठेवील. त्या घरीं मग पाटी माळ्यावर जाणार नाहीं.