जुनी व्यक्तिचित्रे : संग्रह आणि पारख



पावसाळ्यापूर्वी घराची कवेलू फेरावयास काढली की माळ्यावरची जुनी पेटी खाली येते. तीत काय काय निघते! गंजलेले अडकित्ते, मोडी कागदांची दप्तरे, फाटक्या पोथ्या, कोणाची तरी जरीची टोपी. आणि एखाद्या घरी, कापडाच्या घडीत गुंडाळलेले, तळहातावर मावेल एवढे एक चित्रही निघते. पगडी, कानांत भिकबाळी, ओठांवर बारीक मिशा, आणि आपल्याकडे रोखून पाहणारे दोन डोळे. मुले विचारतात, "हे कोण?" थोरली माणसे एकमेकांकडे पाहतात. "असतील कोणी तरी पूर्वज," एवढे उत्तर मिळते आणि चित्र पुन्हा पेटीत जाते.

अशा लहान व्यक्तिचित्रांविषयी, म्हणजे लघुचित्रांविषयी, आज मी आपल्याशी बोलणार आहे. ती कशी जमवावीत, त्यांची प्रकृती कशी तपासावी, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या बाबतीत काय करू नये, हे सांगावयाचे आहे. 'काय करू नये' यावर माझा विशेष भर राहील. त्याचे कारण पुढे सांगतो.

पहिल्याने ही चित्रे असतात कशाची, ते पाहू. आपल्या देशात दोन तऱ्हेची अधिक आढळतात. एक कागदावरची. कागदाचे अनेक थर खळीने एकमेकांवर चिकटवून जाड पान तयार करीत. त्याला वसली म्हणत. चित्रकार ती अकीकाच्या दगडाने गुळगुळीत घोटून घेई आणि मग खारीच्या केसांच्या कुंचल्याने त्यावर काम करी. दुसरी तऱ्हा हस्तिदंतावरची. हस्तिदंताचा अगदी पातळ पापुद्रा काढून त्यावर डिंकात कालवलेल्या पाण्याच्या रंगांनी चेहरा रंगवावयाचा. ही रीत युरोपात इ. स. १७०० च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीने रूढ केली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज चित्रकारांबरोबर ती मद्रास-कलकत्त्याला आली आणि आपल्या कारागिरांनी ती उचलली. पातळ हस्तिदंतातून उजेड थोडा आरपार जातो, म्हणून चेहऱ्याला जिवंत मनुष्याच्या कातडीची झळाळी येते. ती अधिक खुलावी म्हणून काही चित्रकार पापुद्र्याच्या मागे चांदीचा वर्खही लावीत.

महाराष्ट्रात या विद्येचा वारा पुण्याच्या दरबारातून वाहिला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला आणि पुढच्या वर्षी त्याने पुण्यात सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे काढली. ती मोठी तैलचित्रे होत, लघुचित्रे नव्हेत. पण समोर मनुष्य बसवून त्याचा हुबेहूब चेहरा काढून घेण्याची हौस त्या काळी कशी पसरत होती, हे त्यावरून कळते. गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार याच मंडळींच्या सहवासात तयार झाला.

आता एक प्रश्न विचारतो. अशा चित्रात सर्वांत मौल्यवान काय असते? सोन्याची चौकट? हस्तिदंत? चित्रकाराची सही? माझे उत्तर आहे, नाव. चित्रात कोण बसले आहे त्याचे नाव.

याचा मोठा दाखला छत्रपती शिवाजी महाराजांच्या चित्राचा आहे. एके काळी दुसऱ्याच एका माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. लोक त्याला हार घालीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतील चित्र पुढे आणले, आणि महाराजांचा खरा चेहरा घरोघर पोचण्याची वाट मोकळी झाली. महाराज १६७७ मध्ये गोवळकोंड्यास गेले होते. त्या शतकाच्या अखेरीस तिकडे राजेरजवाड्यांच्या लहान चित्रांचे संच तयार होत आणि परदेशी व्यापारी ते विकत नेत. असा एक संच ॲम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष विटसेन याच्याकडे गेला. तो आज तेथील राइक्स संग्रहालयात आहे व त्यात महाराजांचे चित्र आहे. मनुची या इटालियन प्रवाशाने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून करवून घेतलेला संच पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात महाराज घोड्यावर आहेत. गोवळकोंडा म्हणजे काही परका मुलूख नव्हे. आपल्या सिरोंच्याहून नदी ओलांडली की तेलंगण लागते, त्याच तेलंगणातला तो किल्ला. तेथून ही चित्रे सातासमुद्रापलीकडे गेली, परंतु जाताना नाव बरोबर घेऊन गेली. म्हणूनच ती ओळखता आली. ज्या चित्राचे नाव सुटले, ते राजाचे असले तरी अनोळखी होते. आणि ज्याला चुकीचे नाव चिकटले, ते पिढ्यान् पिढ्या फसवीत राहते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ती सांगावयास मला अजूनही संकोच वाटतो.

माझे आजोळ वैनगंगेकाठचे. तेथे हस्तिदंतावरचे एक चित्र होते, आठ आण्याच्या जुन्या नाण्याहून थोडेसे मोठे. लाल पगडीचा एक गृहस्थ. आजी त्यांना नावाने ओळखे. नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत होते म्हणे. मी तेव्हा एम. ए. चा अभ्यास करीत होतो, म्हणजे आपल्याला सर्व कळते असे वाटण्याचे ते वय! काचेच्या आत मळ दिसत होता. मी चौकट उघडली आणि ओल्या कापसाने चित्र हलकेच पुसले. कापूस गुलाबी झाला. पाहतो तो उजवा गाल नाहीसा झालेला, आणि डोळ्याच्या जागी एक पांढुरका डाग. पाण्यातले रंग पाण्यानेच निघणार, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मागच्या बाजूला पिवळा पडलेला, मोडीत काही लिहिलेला कागद होता. मला मोडी येत नव्हती. कागद किडलेला म्हणून मी तो केरात टाकला. आजीला मी काहीच सांगितले नाही. तीही मला काही बोलली नाही. चित्र तिने पुन्हा कापडात गुंडाळून ठेवले. दोन वर्षांनी ती गेली. आज ते चित्र माझ्याजवळ आहे. एका डोळ्याने ते गृहस्थ माझ्याकडे पाहतात, आणि त्यांचे नाव मला आठवत नाही.

म्हणून म्हणतो, पारख करावयाची ती डोळ्यांनी. हाताचे काम शक्य तितके कमी.

चौकट उघडू नका. चित्र खिडकीजवळ न्या, मात्र थेट उन्हात नको. प्रथम समोरून पाहा, मग तिरपे धरून पाहा. तिरप्या उजेडात रंगाचे उचललेले पोपडे, पापुद्र्याचा बाक आणि बारीक भेगा लगेच दिसतात. हस्तिदंत हा दात आहे. हवेतला ओलावा तो शोषतो आणि सोडतो. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होते आणि जुलैत भिंतींना ओल येते. पातळ पापुद्रा पुठ्ठ्याला घट्ट चिकटवलेला असला तर त्याला हलावयास जागा राहत नाही. मग तो बाक धरतो, आणि अखेर उभा तडकतो.

नंतर भिंग घ्या. शाळेतले साधे भिंग चालेल. चेहरा सारख्या अंतरावरच्या, एकसारख्या ठिपक्यांचा दिसला तर ते छापील चित्र समजावे. हाताने काढलेल्या चित्रातही ठिपके असतात, पण ते लहानमोठे, दाटविरळ असतात. गालाच्या गोलाईबरोबर ते वळतात. हस्तिदंतात अतिशय बारीक रेषा दिसतात. हाडात काळपट टिंबे किंवा बारीक छिद्रे दिसतात. काही लोक तापलेली सुई टोचून परीक्षा करावयास सांगतात. ते मुळीच करू नका. परीक्षा होईल, पण चित्राला भोक पडेल.

रंग काय सांगतात? गालाओठांवरचा तांबूस रंग उजेडाने सर्वांत आधी उडतो. चेहरा राखेसारखा फिका आणि पगडी मात्र ठसठशीत दिसली, तर चित्र वर्षानुवर्षे उजेडात टांगलेले होते असे धरावे. कागदावरच्या चित्रात शिशाचा सफेदा काळवंडतो, म्हणून मोत्यांची माळ काळ्या मण्यांची दिसू लागते. तांब्यापासून केलेला हिरवा जंगाल तर खालचा कागदच खातो. आणि भेगेवर विशेष लक्ष ठेवा. भेग रंगालाही चिरून गेली असेल तर रंग भेगेच्या आधीचा. रंग भेगेत उतरून बसला असेल, तर तो मागाहून कोणी तरी भरलेला. विकणाऱ्याच्या गोष्टीपेक्षा ही भेग अधिक खरे बोलते.

काचेच्या आतल्या बाजूला बारीक थेंब किंवा चिकट धुके दिसले तर ती काच आजारी आहे. जुन्या काचेतला क्षार सुटतो आणि चित्राला बाधतो. राखाडी मऊ लव दिसली तर ती बुरशी. डिंक हे तिचे आवडते खाद्य. ती पुसू नका. पुसली की रंगात चोळली जाते. वस्तू कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवा आणि संग्रहालयातील जाणत्यांचा सल्ला घ्या. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला 'अजब बंगला', १८६३ पासून आहे. तेथे विचारावयास काही हरकत नाही.

ठेवण्याचे नियम साधे आहेत. ओलीच्या भिंतीवर नको, चुलीच्या धुरात नको, घट्ट प्लास्टिकमध्ये नको. स्वच्छ, जुने, धुतलेले सुती कापड उत्तम. पेटी जमिनीपासून उंच ठेवावी, म्हणजे उधई लागणार नाही. सरस, गोंद, चिकटपट्टी यांपैकी काहीही लावू नये.

आता संग्रहाविषयी. संग्रह म्हटला की खरेदी डोळ्यांसमोर येते. तेथे कायदा समजून घ्या. पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा. तो १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी लघुचित्रे त्यात येतात. त्यांची नोंदणी करावी लागते, आणि ती खाजगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तिदंताचे तर विचारूच नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांमुळे त्याचा व्यापार बंद आहे. वारशाने आलेली वस्तू असली तरी वनखात्याला विचारून कागदपत्रे नीट करून घ्यावीत. आपल्या जिल्ह्यात कमलापूरला हत्तींचा कॅम्प आहे, आणि २०२१ पासून रानहत्तींचा कळपही इकडे येऊन राहिला आहे. त्या हत्तींच्या भल्यासाठीच हा कायदा आहे, हे आपल्या मुलांना समजावून सांगणे कठीण नाही.

मग विकत न घेता संग्रह कसा करावा? पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलुपे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. तेवढे आपल्याला साधणार नाही. पण शिक्षक बंधुभगिनींनो, आपण नोंदींचा संग्रह करू शकतो. वस्तू ज्याची त्याच्या घरीच राहू द्यावी. शाळेत एक वही घालावी. मुलांनी घरच्या मोठ्या माणसांच्या परवानगीने पेटीतल्या चित्राचा, जुन्या फोटोचा मोबाइलवर फोटो घ्यावा. समोरून एक, पाठीमागून एक. लांबीरुंदी लिहावी. 'चांगले' किंवा 'खराब' असे मोघम न लिहिता दिसेल ते लिहावे : 'उजव्या गालाचा रंग गेला आहे, खाली डाव्या कोपऱ्यात एक भेग, मागे मोडी मजकूर, चार ओळी.' हीच प्रकृतीची नोंद. पुढच्या वर्षी तीच वही उघडून पाहावे, म्हणजे भेग वाढली की नाही ते कळेल. मोडी वाचणारे अजून भेटतात. त्यांच्याकडून त्या चार ओळी वाचून घ्याव्यात. चित्र राजाचेच असावे असे नाही. आज्याचा लग्नातला, काळा कोट घातलेला, डाग पडलेला फोटो असला तरी नियम तेच.

आणि या सर्वांच्या आधी एक काम करावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे, चित्र त्यांच्या हातात द्यावे आणि विचारावे, "आजी, हे कोण?" जे उत्तर येईल ते जसेच्या तसे लिहावे, आणि कोणी सांगितले व कोणत्या दिवशी सांगितले तेही लिहावे. चित्राच्या मागे लिहू नये. निराळ्या कागदावर लिहून तो कागद चित्राजवळ ठेवावा.

उडालेला रंग एखादे वेळी तज्ज्ञ सावरू शकेल. तडकलेला पापुद्राही तो आधार देऊन धरील. पण नाव सांगणारे माणूस गेले, तर त्यावर इलाज नाही. हे मी माझ्या एका डोळ्याच्या गृहस्थांकडे पाहून आपणांस सांगतो आहे. आपल्या घरची पेटी या वर्षी खाली उतरली, तर एवढे मात्र विसरू नका.