गिनती पूर्ण झाली का?



एनसीसीबद्दल दोन शब्द बोल, असे संयोजकांनी मला सांगितले. आधी एक कबुली देतो. आपल्यातले बरेच जण एनसीसीत गेले ते परेडनंतरच्या नाश्त्यासाठी. मीही त्यातलाच. कडक इस्त्रीचा खाकी गणवेश, बक्कल घासून चमकवणे, टोपीवरचा लाल तुरा. आणि 'दाहिने मुड' म्हटले की एक-दोघे हमखास डावीकडे वळणार!

पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली, १९६८ पासून पुन्हा ऐच्छिक. कॅडेट झाला म्हणून सैन्यात गेलेच पाहिजे, असे बंधन तिथे नाही. मग आपल्यासारख्या शेतात, दुकानात, कचेरीत रमलेल्यांना तिने काय दिले? मला काय मिळाले, ते सांगतो.

आपण शाळेत असताना वाशीमचा जिल्हा झालेला नव्हता. तो १९९८ साली झाला. त्यामुळे शिबिराला अकोल्याकडे जावे लागे. नववीत मी सेक्शन कमांडर होतो. लांबच्या मार्चमध्ये आमचा सेक्शन सगळ्यांच्या आधी तळावर पोचला. मी छाती काढून सॅल्यूट ठोकला. सर म्हणाले, "गिनती कर." एक, दो, तीन... नऊवर आवाज थांबला.

"नऊ पोट्टे आले. दहावा कुठं हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिला नंबर काढायच्या नादात मी एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. सरांनी शिक्षा केली नाही, फक्त मला उलट्या वाटेने धाडले. दोनेक किलोमीटरवर तो निंबाखाली बसलेला दिसला. बूट हातात, टाचा सोललेल्या. मला पाहून म्हणाला, "तू येशील वाटलंच नव्हतं." त्या वाक्याची लाज मला आजही वाटते. त्याचे ओझे पाठीवर घेऊन आम्ही हळूहळू परत आलो तेव्हा सर एवढेच बोलले, "आता पोचला तुझा सेक्शन."

नेतृत्वावर पुढे पुष्कळ भाषणे ऐकली; त्याहून मोठे काही कोणी सांगितले नाही.

मे २०२० मध्ये नागपूर–औरंगाबाद रस्त्याने मजूर पायी गावाकडे निघाले होते. शेलूबाजारजवळ आम्ही काही जण पाणी आणि भाकरी घेऊन उभे होतो. एक घोळका आला. तोंडातून आपसूक निघाले, "किती जण निघाला होता?" त्यांनी एकमेकांकडे पाहिले. एक बाई लेकराला घेऊन मागे राहिली होती. आमच्यातला एक जण मोटरसायकल काढून तिला घेऊन आला. यात मोठेपणा काही नाही; ती सवय शाळेच्या मैदानाने लावलेली होती. चांगला नागरिक म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, मागे कोण राहिले ते विचारणारा.

नुसत्या परेडने माणूस घडतो, असा माझा दावा नाही. कडक सॅल्यूट ठोकून पुढे आडमार्गाला लागलेलेही आपण पाहिले. कवायतीने शिस्त लागते. ती शिस्त कुणासाठी वापरायची, हे शिकवायला तसे सर लागतात. ते आपल्याला लाभले.

आता शेवटचे. दहावीला आपल्या वर्गात बावन्न जण होते. आज सकाळी मी गुपचूप मोजले, सदतीस भरले. काही दूर आहेत. दोघे आता कधीच येणार नाहीत. पण काही जण याच जिल्ह्यात असून आले नाहीत. कदाचित वर्गणी जड गेली असेल, कदाचित 'आपले काही झाले नाही' असे वाटले असेल. फोटो काढून, जेवून आपण घरी जाऊ. पण या महिनाभरात प्रत्येकाने त्यांच्यापैकी एकाच्या दारी जाऊन यावे, एवढीच विनंती आहे.

सर, आमची गिनती अजून पूर्ण झालेली नाही. आम्ही उलट्या वाटेने निघतो आहोत.

जय हिंद!