तोबरा कोण बांधणार?

माणसांची कुवत सारखी नसते, हे अराज्यवादाने कधी नाकारलेले नाही. अराज्यवाद म्हणजे अराजक नव्हे. वरून हुकूम देणारी सत्ता नसताना लोकांनी आपसांतल्या समजुतीने चालवलेला समाज, एवढाच त्याचा अर्थ. पण अशा समाजात दांडग्याने दुबळ्याच्या तोंडचा घास ओढला, तर त्याला आवरायचे कोणी?

कोल्हापुरात हा पेच घोड्यांच्या गोष्टीतून ठाऊक आहे. शिष्यवृत्त्या गुणवत्तेवरच द्याव्यात, असे म्हणणाऱ्या सांगलीच्या गणपतराव अभ्यंकर वकिलांना राजर्षी शाहू महाराजांनी पागेत नेले आणि तोबऱ्यांतली, म्हणजे घोड्यांच्या तोंडाला बांधायच्या पिशव्यांतली, चंदी एकत्र पसरून घोडी मोकळी सोडायला लावली, असे सांगतात. धट्टीकट्टी जनावरे चंदीवर तुटून पडली. शिंगरे आणि म्हातारी घोडी मागेच उभी राहिली. ज्याचा त्याला तोबरा बांधायचा, तर हुकूम लागतो. 26 जुलै 1902 रोजी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या, त्या राजाच्याच हुकमाने.

राजा नसेल तेव्हाचे उत्तर रशियन विचारवंत पीटर क्रोपोटकिनने 1892 च्या ग्रंथात दिले. खाणीतला पाळणा वरखाली करणारा आणि तळाशी कोळसा फोडणारा, यांत कोणाचा वाटा किती हे मोजताच येत नाही. म्हणून वाटप गरजेप्रमाणे व्हावे. फ्रान्सचा अराज्यवादी विचारवंत प्रूदाँ तर 1840 मध्येच सांगत होता की, बुद्धीसुद्धा समाजाच्या खर्चाने वाढते.

हुकमाशिवाय दुबळ्याला सांभाळण्याची एक रीत कोल्हापूरच्या तालमींतही दिसते. तिथल्या शिवाजी पेठेत फिरंगाई, खंडोबा, वेताळ अशी तालमींचीच नावे चालतात. काहींची ओळख आता फुटबॉलने होते, पण तालमीची मूळ रीत मातीतली. तयारीचा पैलवान नवख्या पोराला अंगावर घेतो आणि मुद्दाम पट काढू देतो. सारी ताकद लावली तर पोर आठवड्यात पळेल, आणि पोरेच पळाली तर उद्या त्याच्याशी झुंजायला जोड कोठून येणार? यात दयेपेक्षा हिशेब अधिक आहे. माती उकरायला खोरे दोघांच्याही हाती येते. जत्रेच्या फडात जाणती माणसे अंगलट पाहून तोलामोलाची कुस्ती जोडतात. चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुटतात.

वस्तादाचा शब्द मात्र खाली पडत नाही. रशियन अराज्यवादी बाकूनिनलाही असा जाणत्याचा अधिकार मान्य होता: जोड्याच्या बाबतीत जोडे शिवणाऱ्याचे ऐकावे, फक्त न ऐकण्याची मुभा असावी. तालमीत ती मुभा किती असते, हे वस्तादावर अवलंबून.

तालमीला अराज्यवादी म्हणता येणार नाही. कोल्हापूरच्या कुस्तीला बळ मिळाले ते राजाश्रयाने, खासबागचे मैदान 1912 मध्ये उभे राहिले तेही शाहू महाराजांमुळे. मोठ्या कुस्तीचे इनाम जिंकणाराच नेतो. बायकांना ही माती कित्येक पिढ्या बंद होती. शिवाय तालमीचा सांभाळ मातीत उतरू शकणाऱ्यांपुरताच. अंथरुणाला खिळलेल्यासाठी जोड लावता येत नाही. त्याच्यापुरता क्रोपोटकिनचा गरजेचा नियमच लागतो, आणि त्यात परतफेडीचा हिशेब धरलेला नाही.