नव्या नाण्यांच्या चळती : ठेव की नुसता भार?



वसंतातल्या व्याख्यानाला नाण्यांचा विषय घेतला, तेव्हा एका मित्राने मला विचारले, ‘सातवाहनांवर बोलणार की शिवराईवर?’ मी म्हटले, ‘दोन्हींवर नाही. तुझ्या खिशातल्या रुपयावर बोलणार आहे.’ मित्राचा चेहरा जरा पडला. आपलाही पडला असेल, तर घटकाभर सहन करावा. कारण जुन्या नाण्यांनी फसलेली माणसे मी थोडी पाहिली, पण नव्या नाण्यांनी फसलेली पुष्कळ पाहिली आहेत.

आपल्या मालाडातच माझ्या परिचयाचे एक गृहस्थ होते. नोकरी कारकुनाची, स्वभाव काटकसरीचा. नात जन्मली त्या वर्षी, म्हणजे १९९० साली, त्यांनी एक नेम धरला. कोरी करकरीत पंचवीस पैशांची नाणी मिळवायची, चाळीस-चाळीसची चळत करून कागदात गुंडाळायची आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायची. एक चळत दहा रुपयांची. वर्षाला वीस चळती याप्रमाणे दहा वर्षांत दोनशे चळती झाल्या. म्हणजे आठ हजार नाणी, दर्शनी किंमत दोन हजार रुपये. ‘नातीच्या लग्नात ही पेटी उघडीन,’ असे ते म्हणत.

पुढे सरकारने जाहीर केले की पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनात राहणार नाहीत. आदल्या दिवसापर्यंत बँकांतून बदलून घ्यावीत. घरच्यांनी आग्रह केला. गृहस्थ म्हणाले, ‘वेडे आहात. चलनातून गेली की खरा भाव येईल!’ मुदत टळली. वर्षभराने ते पेटी घेऊन एका व्यापाऱ्याकडे गेले. त्याने एक चळत सोडून पाहिली आणि शांतपणे तराजू पुढे केला. आठ हजार नाणी, प्रत्येकी पावणेतीन ग्रॅमच्या थोडी वर. एकूण सुमारे साडेबावीस किलो पोलाद. भाव भंगाराचा.

हेच पैसे त्यांनी वर्षाच्या वर्षाला पोस्टात टाकले असते तर? १९८८ साली निघालेली किसान विकास पत्रे त्या वेळी साडेपाच वर्षांत दुप्पट होत. पहिल्या वर्षांची रक्कम २०११पर्यंत निदान दोनदा तरी दुप्पट झाली असती. गृहस्थ लबाड नव्हते, आळशी नव्हते, उधळे तर मुळीच नव्हते. त्यांची चूक एकच. ‘आज जे साधे आहे ते उद्या दुर्मिळ होईल’ हे अर्धे सत्य त्यांनी पूर्ण सत्य मानले.

तेव्हा प्रश्न असा की नाणे दुर्मिळ होते कशाने? जुनेपणाने नव्हे. शिवकाळापासून चालत आलेली तांब्याची शिवराई शेकडो वर्षांची आहे, पण ती इतकी पाडली गेली, इतकी वापरली गेली, की साधी शिवराई आजही सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात असते. त्याच राजाचा सोन्याचा होन मात्र मोजक्यांनीच पाहिला. वय दोघांचे सारखे. फरक किती उरले याचा.

दुसरे उदाहरण १९११ सालच्या रुपयाचे. पंचम जॉर्जच्या झग्यावर एक हत्ती कोरला होता. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड वठले, की लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. ओरड झाली. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, त्यांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर गेली होती. उरलेली सरकारने वितळविली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून घेतला. आज तो ‘डुक्कर रुपया’ संग्राहक शोधतात. त्याला दुर्मिळ केले ते भट्टीने, साठविणाऱ्याने नव्हे. येथेच या विषयाची मेख आहे. साठविणारा माणूस नाणे दुर्मिळ करीत नाही. तो ते मुबलक ठेवतो. हजार घरांत हजार चळती सुरक्षित असतील, तर पन्नास वर्षांनी ते नाणे कोरेच मिळेल आणि स्वस्तच मिळेल. सर्वांनी मिळून सांभाळलेली वस्तू सर्वांकडेच असते, मग ती विकत घेणार कोण?

हा अनुभव आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या टांकसाळीने १९५० साली पाच सेंटांची नाणी अवघी २६ लाखांच्या आसपास पाडली. बातमी फुटली आणि लोकांनी ती चळतीच्या चळती उचलून ठेवली. चाळीस नाण्यांची, म्हणजे दोन डॉलरांची चळत १९६४च्या सुमारास हजार डॉलरांच्या वर गेली! मग मात्र लोकांच्या ध्यानात आले की नाणी थोडी असली तरी ती जवळजवळ सगळीच कपाटांत कोरी पडून आहेत. भाव कोसळला. आरंभी घेऊन वेळेवर विकणारे तरले. त्यांचे ऐकून शेवटी धावले ते बुडाले. पुढे १९९९ ते २००८ या काळात तेथे प्रत्येक राज्याचे पाव डॉलरचे नाणे निघाले. घरोघरी चळती बांधल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक आजही पाव डॉलरलाच चालतात.

कोणी म्हणेल, ‘आमच्या आजीने राणीछाप रुपये पुरून ठेवले होते, त्यांचे तर सोने झाले!’ बरोबर आहे. पण त्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. आजीने नाणे नव्हे, चांदी पुरली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. तेव्हापासून रोजच्या व्यवहारातल्या नाण्याच्या पोटात आजीची पुंजी राहिलेली नाही. निकेलच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या, पोलादाच्या चळतीला आजीच्या हंड्याचा न्याय लावू नये. धातूसाठी साठवीन म्हणाल, तर २०११च्या नाणे कायद्याने नाणी वितळविणे हा गुन्हा आहे.

आता थोडा हिशोब. नेहरूंच्या स्मरणार्थ १९६४ साली निघालेला रुपया हा स्वतंत्र भारतातल्या पहिल्या स्मारक नाण्यांपैकी. समजा, कोणी त्याची पन्नासांची चळत ठेवली. तेच पन्नास रुपये सरासरी सात टक्क्यांनी व्याजी लावले असते, तर दर दहा वर्षांनी जवळजवळ दुप्पट होऊन साठ वर्षांत सुमारे अठ्ठावन्न पट झाले असते. म्हणजे चळतीतला प्रत्येक रुपया निदान अठ्ठावन्न रुपयांना विकला गेला तरच बरोबरी. शिवाय व्यापारी विकतो त्या भावाने घेत नाही. त्यालाही दुकान चालवायचे असते. एकदोन नाणी तो आनंदाने घेईल. पन्नास एकदम पुढे केलीत, की त्याच्या कपाळावर आठी पडेल आणि भाव उतरेल.

शिवाय आपली हवा! समुद्र दोन कोसांवर, पावसाळा चार महिन्यांचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेले तांबे काळवंडते, रबराच्या पट्ट्याचा डाग बसतो, हलक्या प्लास्टिकच्या पिशवीत हिरवट चिकटा धरतो. मग घरातले कोणी प्रेमाने चिंच लावून नाणे घासते. देवघरातल्या तांब्याला ते ठीक. संग्राहकाच्या लेखी नाण्याचा तो मृत्यूच. चळत साठविणे म्हणजे पेटीत टाकून विसरणे नव्हे. ती एक चाकरीच आहे.

मग नवी नाणी जमवूच नयेत काय? मी तसे म्हणत नाही. जमवावीत, पण चळतीने नव्हे, निवडीने. नाण्यावर सालाच्या आसपास पाहा. मुंबईच्या टांकसाळीची खूण साधारणतः चौकटीसारखी, हैदराबादचा तारा, नोएडाचा वाटोळा ठिपका, कोलकात्याची खूणच नाही. एकाच सालचा रुपया चार टांकसाळींचा असा लावून पाहा. मुलांना त्यात इतिहास दिसेल, भूगोल दिसेल. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, त्यांच्यावरचा ‘नया’ शब्द १९६४ साली गळला. एवढे सांगायला प्रत्येकी एक नाणे पुरते, शंभर लागत नाहीत. चळत हाती आली तर ती सोडा, भिंग घेऊन तपासा, ठसा चुकलेले किंवा विशेष स्वच्छ असे एखादे बाजूला काढा आणि उरलेली सोमवार बाजारात भाजीवाल्या मावशींना द्या. त्या सुट्या पैशांसाठी सकाळपासून खोळंबलेल्या असतात. नाण्याचा धर्म फिरण्याचा आहे.

आणखी एक सावधगिरी. ‘वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळवा’ अशा जाहिराती आपण पाहिल्या असतील. आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतात, मग ‘कर’ मागतात, मग नाहीसे होतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये स्पष्ट सांगितले आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असले शुल्क घेत नाही. जो आपल्या नाण्याला लाख देणार आहे, तो आपल्याकडून हजार कशाला मागेल?

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. पेटी त्यांनी भंगारात दिली नाही. ती परत घरी आणली. पुढे ते गेले. नातीचे लग्न झाले तेव्हा मी गेलो होतो. पेटी खरोखरच उघडली होती. आलेल्या प्रत्येक लहान मुलाच्या हातावर ती एकेक कोरे पंचवीस पैशांचे नाणे ठेवीत होती आणि त्यावरचा गेंडा दाखवीत होती. एक मुलगा मला विचारू लागला, ‘आजोबा, याचे काय मिळते?’ मी म्हटले, ‘बाजारात काही नाही. पण घरी जाऊन विचार, पूर्वी याचे काय काय मिळत असे.’

संग्रहाची खरी मिळकत ती. ती हवी असेल तर एक नाणे पुरेसे आहे. पैसा हवा असेल तर पोस्ट आणि बँक उघडी आहे. दोन्हींची गल्लत होऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.